शेऱ्याच्या रकान्यात

डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा त्यांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. कॉम्प्युटरवर त्या माझं नाव शोधत होत्या, बुद्धरत्न तात्याराव, वय त्रेपन्न, टाइमकीपर, आणि शोधता शोधताच कानडीत म्हणाल्या, "सुस्त आगतदेनरी?" थकवा येतो का, एवढंच. दिवसातून शंभर माणसांना विचारत असतील. माझ्या हातातली फाइल मात्र खाली पडली. हल्ली हातातून वस्तू सुटतात माझ्या, किल्ल्या, पेला, एकदा तर भाकरीचा तुकडाही सुटला, पण या खेपेला त्या शब्दानेच फाइल पाडली असं मला वाटलं. वाकून कागद गोळा केले आणि म्हणालो, "इल्लरी." नाही. खोटं बोललो. जिना चढून वर येताना मी दोनदा पायरीवर बसलो होतो. पण आमच्या कारखान्याच्या माणसाने दवाखान्यात थकवा कबूल करायचा नसतो. ही रीत कुणी सांगत नाही, ज्याची त्यालाच समजते. बाईंनी रक्ताची जुनी चिठ्ठी मागितली. मी बोट जिभेला लावून फाइलीची पानं उलटू लागलो. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "हे रोज करता?" मी म्हणालो, काय? "बोट चाटता ते." कारकुनाची सवय आहे, म्हणालो. "शिशाच्या कारखान्यात?" मी बोट सदऱ्याला पुसलं. त्यांनी माझं मनगट धरलं, हात वर उचलायला सांगितला. तो जेमतेम अर्धा उचलला. त्यांनी रक्त तपासणीची चिठ्ठी लिहिली आणि परत एकदा विचारलं, खरंच नाही? मी पुन्हा इल्ल म्हणालो, पण बारीक आवाजात.

आमच्या सीमेवर हा शब्द दोन घरांत नांदतो. मराठीत सुस्त म्हणजे आळशी, पुरणपोळी हाणून लोडाला टेकलेला जावई. कारखान्यातल्या साहेबाच्या हिंदीतही तोच जावई. कानडीत सुस्त म्हणजे अंगातलं त्राण गेलेला, बसला की उठवत नाही असा. कानडीत आळशाला दुसरा शब्द आहे. आमच्या राजेश्वर गावच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. घरात मराठी, बाजारात कानडी, बसस्टँडवर उर्दू, जिथं जी लागेल तिथं ती निघते. तेव्हा मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. गेली चार वर्षं मी स्वतःला तेच सांगायचा प्रयत्न करतोय, पण जमत नाही.

रक्त द्यायच्या खिडकीपुढे रांग होती. बाकावर टेकलो आणि पाण्याची बाटली काढायला पिशवी उघडली तर भाकरीच्या फडक्याखाली ती वही. तपकिरी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, कच्ची वही. मी ती घेतली नव्हती. सकाळी निघताना पंचशीला चहाचा कप ठेवत म्हणाली होती, "ती वही घेतलाव का?" मी म्हणालो, "कंपनीचं रजिस्टर हाय की तिथं. ही कामून पायजे?" "बरं," म्हणाली. माझ्या बायकोचं बरं म्हणजे काय हे सत्तावीस वर्षांत मला कळायला हवं होतं. तिला तरी मी काय सांगणार? तिच्या हृदयाच्या झडपेची औषधं याच दवाखान्यातून, माझ्या कार्डावर मिळतात. कार्ड माझ्या नोकरीवर, आणि नोकरी अकरा महिन्यांची. अकरा महिने झाले की कागदावर मी घरी जातो, मग साहेबाची मर्जी असली तर कागदावरच नवा माणूस होऊन परत येतो. असा मी बारा वेळा नवा झालोय. तेरावी खेप आठ दिवसांवर आहे. हे सगळं ठाऊक असून तिनं वही भाकरीखाली घातली. बाकावर बसून मला तिचा राग आला, आणि रागाच्या खाली भलतंच काहीतरी वाटत होतं. आधार वाटला असावा, पण तेव्हा मला तो नको होता.

दुपारी तीनला कामगार खात्यात माझी साक्ष होती. कारखान्यातून काढलेल्या एका माणसाच्या दाव्यात, कंपनीकडून. साहेब म्हणाला होता, सकाळी सहामाही तपासणी उरकून घे, दुपारी साक्ष दे, एका हेलपाट्यात दोन कामं. साक्षही कसली, वकील म्हणाला, रजिस्टरमधलं अक्षर माझं आहे एवढंच सांगायचं. अक्षर माझंच आहे. त्या अक्षरावरच मला नोकरी लागली. आमचे तात्याराव, म्हणजे माझे वडील, रस्त्याच्या मोजणीवर साहेब लोकांची काठी धरून उन्हात उभे राहायचे, आणि पत्र आलं की वाचून घ्यायला पाटलाच्या ओट्याखाली. ओट्यावर नाही. म्हणून त्यांनी मला बोरूने लिहायला बसवलं, सगळी पोरं बॉलपेनने खरडत होती तेव्हा. म्हणायचे, "आपल्या घरातलं हे पयलं अक्षर हाय. ते कुणाला वाकडं दिसाय नगं." मुलाखतीत साहेबाने माझा अर्ज पाहून विचारलं होतं, छापलाय का? मी मान खाली घालून हसलो होतो. गेली दोन वर्षं माझ्या अक्षराची वेलांटी खाली सरकते, ओळ उतरणीला लागते. आधी वाटलं चष्मा बदलायला हवा. चष्मा बदलला, तरी ओळ काही वर आली नाही.

आमच्याकडे जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवतात. हुमनाबादच्या अलीकडे, औद्योगिक वसाहतीच्या टोकाला. माझी केबिन भट्टीच्या शेडला लागून आहे, मध्ये पत्रा. हजेरीच्या पुस्तकावर रोज सकाळी करडी भुकटी बसलेली असते. फुंकर मारायची, बोट ओलं करायचं, पान उलटायचं. तोंडात किंचित गोडसर चव राहते. मला वाटायचं ती चहाची. रक्तात शिसं ठरलेल्या आकड्यावर गेलं तर माणसाला भट्टीवरून हलवून दुसरं काम द्यावं, पगार तोच ठेवावा, असा नियम तीन भाषांत भिंतीला लावलेला आहे. डिंक लावून मीच चिकटवलाय. नियमात खोट नाही. पण अकरा महिन्यांच्या माणसाला हलवायचं कशाला, त्याचे अकरा महिने भरले की काम झालं. रक्तात शिसं सापडलं की माणूस जातो, शिसं कारखान्यातच राहतं. म्हणून तपासणीच्या आदल्या आठवड्यात भट्टीवरची माणसं गूळ खातात, ताक पितात, कुणीतरी सांगितलेला पाला उकळून पितात, आणि माझ्यासमोर येऊन सगळे एकसुरात म्हणतात, काही तक्रार नाही. मी सगळ्यांच्या पुढं लिहितो, निरंक. माझं निरंक फार सुंदर येतं.

मडिवाळप्पाने तसं म्हटलं नाही. चिटगुप्प्याकडचा माणूस, पन्नाशीचा, भट्टीवर पळीने शिशावरची मळी काढायचा. बोलायला कमी. चार वर्षांपूर्वीच्या तपासणीत टेबलापुढं उभा राहिला, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर टेकवले आणि म्हणाला, "सुस्त आगतद्री रत्नण्णा. भाळ सुस्त." फारच थकवा येतो, असं. मी त्याला डोळ्याने खुणावलं, असलं बोलू नये. त्याला खूण कळली, तरी तो बोलतच राहिला. पोटात पिळा पडतो, बादली उचलताना मनगट वळतं, घरी गेलो की बायको ताट वाढेपर्यंत झोप लागते, झोपून उठलो तरी तेवढंच. मी वहीत, या कच्च्या वहीत, तक्रारीच्या रकान्यात लिहिलं: सुस्त. पोटात पिळा. बादली उचलवत नाही. मनात आलं होतं की थकवा असं लिहावं. पण त्याच्या तोंडचा शब्द होता. मी म्हटलं राहू दे, तोच खरा. त्याचं ऐकून मागचे आणखी चौघे सुस्त म्हणाले. एकाने तोंड उघडलं की बाकीच्यांची भीड चेपते.

मग साहेबाने रजिस्टरात पक्की प्रत करायला सांगितली, वरच्या ऑफिसला पाठवायची, हिंदीत. वही चाळताना त्याचं बोट त्या शब्दावर थांबलं. "सुस्त? ये कोई तकलीफ है? ये तो आदमी का दोष हुआ. रिमार्क में डालो." मी म्हणालो, सर, कानडीमध्ये. एवढंच म्हणालो. सर, कानडीमध्ये. त्याने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, घाईने. त्याला तीनची गाडी गाठायची होती. मी पट्टी घेतली, रेघा मारल्या, नाव, काम, तक्रार, शेरा असे चार रकाने पाडले, आणि तक्रारीत निरंक लिहून सुस्त हा शब्द एक घर उजवीकडे सरकवला. दोन बोटांचं अंतर. माणूस स्वतःबद्दल जे बोलला ते कंपनी त्याच्याबद्दल बोलते असं झालं. पोटाचा पिळा आणि बादली गळाली, कारण शेऱ्यात तेवढी जागा नव्हती. पाच माणसांच्या नावापुढं पाचदा सुस्त, एकाखाली एक, सगळे स एका मापाचे. पाच जणांचं नूतनीकरण झालं नाही. साहेब कच्ची वही म्हणाला फेकून दे, आणि ती मी घरी आणली. का आणली? पंचशीलाला सांगितलं होतं, मागची कोरी पानं किराण्याच्या यादीला होतील. एकही यादी तिच्यावर लिहिली नाही.

नंतर सिद्धव्वा आली होती, मडिवाळप्पाची बायको. कारखान्याच्या फाटकाशी उन्हात उभी. मराठी तिला तोडकी येते. "अण्णा, मनिष्या सुस्त हाय म्हून काडले म्हंतात. सुस्त हाय तर दवाखान्यात धाडायचं, घरला कामून धाडले?" तिला दुसरा अर्थ ठाऊकच नव्हता. तिच्या लेखी कंपनीने तिच्या नवऱ्याचं दुखणं ओळखलं होतं, लिहूनसुद्धा ठेवलं होतं, आणि तरी घरी पाठवलं होतं. मी तिला समजावून सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "वरून आलंय, अक्का." वर बोट केलं. वर आमच्या चिमणीचा धूर होता. ती बराच वेळ वर बघत राहिली.

रक्त देऊन झालं. कापसाचा बोळा दाबून मी दवाखान्याच्या आवारात भाकरी खाल्ली. जेवण जात नव्हतं, पण न खाता परत नेली तर पंचशीला बोलेल. कंपनीचा वकील फोनवर दोनदा म्हणाला, वेळेवर या, पाच मिनिटांचं काम आहे. मी त्याला हो म्हणालो. वही परत फडक्याखाली घातली. मनाशी ठरवलं, विचारलं तर काढू, नाही विचारलं तर कशाला काढायची? हे ठरवून मला बरं वाटलं, आणि असं बरं वाटल्याची लाज वाटली. रिक्षात बसल्यावर हात मांडीवर ठेवून पाहिले. उजव्या कोपरात कापसाचा बोळा होता, आणि तो हात दुसऱ्याच कुणाचा वाटत होता.

सुनावणीची खोली लहान होती. अधिकारी मल्लेश्वरी मॅडम, टेबलावर पंखा, एक टायपिंग करणारा कारकून, आमचा वकील. आणि समोरच्या बाकावर मडिवाळप्पा, शेजारी सिद्धव्वा. मला त्याला ओळखायला वेळ लागला. मांडीवर त्याचे दोन्ही हात मनगटातून खाली लोंबत होते. सिद्धव्वाने त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं, त्याच वेळी त्याने मला पाहिलं आणि मान हलवली. नमस्कारासारखी. त्याच्या नजरेत तक्रार असती तर मला सोपं गेलं असतं. प्रश्न एवढाच होता: दुखणं नोकरीत असताना जडलं की नंतर. नोकरीत जडलं असं ठरलं तर उपचार आणि पेन्शन, नाहीतर काही नाही. नोकरीत असताना तो आजारी होता याचा कागद हवा होता, आणि कागद एकच होता, माझा.

वकिलाने रजिस्टर पुढं केलं. हे अक्षर तुमचं? माझं. तक्रारीच्या रकान्यात काय आहे? निरंक. शेऱ्यात? मी शब्द वाचला. "म्हणजे आळशी," वकील म्हणाला, "मॅडम, हिंदीत स्पष्टच आहे. आजाराची तक्रार नाही, कामाची टाळाटाळ आहे. धन्यवाद, बसा." पाच मिनिटंही लागली नाहीत. मी बसायला वाकलो तेवढ्यात सिद्धव्वा नवऱ्याला कानडीत हळूच म्हणाली, बघ, लिहिलंय त्यांनी, सुस्त लिहिलंय. तिचा चेहरा उजळला होता. चार वर्षांनी तिला वाटत होतं, आपला माणूस आजारी होता हे वाचून दाखवलं गेलं. आणि वाचून दाखवणारा मी. तो उजळलेला चेहरा मला सहन झाला नाही. मी बसलो नाही. म्हणालो, मॅडम, आणखी एक वही आहे.

वकील म्हणाला, कसली वही? मी भाकरीचं फडकं उलगडलं. कंपनीची वही तुमच्या घरी कशी, त्याने विचारलं, आणि मी सांगितलं की फेकायला दिली होती, फेकली नाही. मल्लेश्वरी मॅडमना देवनागरी सावकाश वाचता येत होतं. त्या म्हणाल्या, तुम्हीच काढा पान. पानं दमटून चिकटली होती. बोट तोंडाकडे गेलं आणि मध्येच थांबलं. मी कोरड्या बोटानेच सोडवत राहिलो, वेळ लागला. पान निघालं. मी तक्रारीचा रकाना वाचला. सुस्त. पोटात पिळा. बादली उचलवत नाही. मग रजिस्टरवर बोट ठेवून म्हणालो, हा शब्द इथून इथं मी सरकवला. पट्टीने रेघ मारून सरकवला. तो हिंदीतला नाही, याच्या तोंडचा आहे. कानडीतला आहे. तुम्हाला मी अर्थ सांगायला नको. त्या पेन खाली ठेवून ऐकत होत्या. वकील उठला. "हे काय डॉक्टर आहेत का? चार वर्षांपूर्वी त्याला काय होत होतं हे यांना काय कळणार?"

पुढचं मात्र मी ठरवून आलो नव्हतो. सकाळी दोनदा इल्ल म्हणालो होतो, ते तोंडातच अडकून राहिलं असावं. मी म्हणालो, "नंगू आगतद्री." मलाही होतं. जिना चढताना बसावं लागतं. पेला सुटतो. झोपून उठलो तरी तेवढंच. सांगता सांगता लक्षात आलं की मी त्याचंच वाक्य म्हणतोय, एका शब्दाचा फरक नाही. आठ दिवसांनी येणारं नूतनीकरण समोरच्या भिंतीवर दिसत होतं, आणि पंचशीलाच्या गोळ्यांचं पाकीटही. मी ते बघत बोलत राहिलो. भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण दमलेल्या माणसाला भीतीही फार वेळ धरून ठेवता येत नाही, पेल्यासारखीच सुटते.

कारकुनाने जबाब छापून पुढं ठेवला. मी सही केली. वकिलाने तो उचलला, रजिस्टरमधल्या माझ्या सहीशेजारी धरला आणि हसला. "मॅडम, सही जुळत नाही. हा माणूस तो नाहीच म्हणावं लागेल." मी पाहिलं. रजिस्टरमधली बुद्धरत्न छापल्यासारखी, जबाबावरची उतरणीला लागलेली, शेवटचा न कागदाच्या कडेला जाऊन पडलेला. मॅडम म्हणाल्या, पुन्हा करा. पुन्हा केली. ती तिसरीच आली. मला तात्यारावांची आठवण आली आणि डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला हात वर जाईना. मल्लेश्वरी मॅडम बराच वेळ तिन्ही सह्या बघत होत्या. मग कारकुनाला म्हणाल्या, "तिन्ही लावा. खाली तारखा घाला. चार वर्षांपूर्वीची आणि आजची." आणि मला म्हणाल्या, "अजून एक करा. सावकाश."

मी पेन घेतलं. कागद पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. मडिवाळप्पा बाकावरून उठला, टेबलाशी आला आणि आपला लोंबता हात दुसऱ्या हाताने उचलून त्याने कागदाच्या कोपऱ्यावर ठेवला, हलू नये म्हणून. "बरी अण्णा," म्हणाला. लिही. मी लिहायला लागलो, आणि वकिलासकट सगळे थांबून राहिले.